वाकायचं नाही

आमच्या सेवा मंडळाला लोकांच्या उपयोगी पडायची जेवढी हौस होती, तेवढीच सत्काराची. उन्हाळ्यात पाणपोई घातली की तिच्या उद्घाटनाला हार. पावसाळ्यात कृष्णेला पूर येऊन खालच्या आळीतली माणसं आम्ही शाळेत आणून ठेवली, तर पूर ओसरल्यावर पोहणाऱ्यांना नारळ. एकदा बेवारशी प्रेताला अग्नी देऊन आलेल्या चौघांनाही हार घालायचं घाटत होतं. मी ओरडले म्हणून राहिलं. अध्यक्ष गुळाचे अडते होते. गावभर त्यांना शेठ म्हणत. मनानं मोठा माणूस. कुणाचं दुखलंखुपलं कळलं की हातातला तराजू ठेवून धावणार. पण हाराशिवाय केलेलं काम त्यांना अळणी लागायचं, त्याला इलाज नव्हता.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. मंडळाची बैठक दर गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर भरायची. मंडळात बायका घ्याव्यात की नाही यावर दोन गुरुवार चर्चा झाली, आणि तिसऱ्या गुरुवारी मी सरळ जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. घरी हेसुद्धा म्हणायचे, तुझ्या वर्गातलं घड्याळ पण दबकत चालत असेल. मला त्याचं वाईट वाटत नसे. दहा पुरुषांच्या बैठकीत एका बाईचं म्हणणं ऐकू जायचं तर आवाज मोठाच लागतो.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. त्या साली दिवाळीच्या सुट्टीत शाळेची इमारत घेऊन छत्तीस जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट करायची असं मंडळानं ठरवलं. मिरजेचे एक डोळ्यांचे डॉक्टर यायला तयार झाले. शेठांनी त्याला 'नेत्रयज्ञ' असं नाव दिलं आणि त्याच बैठकीत सांगतेच्या समारंभाला प्रमुख पाहुणा कोण आणायचा हेही विचारून टाकलं. मी म्हटलं, "शेठ, आधी डोळे उघडू द्या लोकांचे." ते हसले, पण वहीत पाहुण्याचं नाव लिहिलंच.

डॉक्टर आधी एकदा येऊन काय काय लागेल ते सांगून गेले. उंच, तुटक बोलणारा माणूस. त्यांनी आम्हांला समोर बसवून सांगितलं की डोळा कापून आतला पडदा काढणं हे त्यांचं काम. ते पावघटकेत होतं. खरं काम पुढं आहे आणि ते आमचं आहे. डोळ्याच्या जखमेला टाका नसतो. ती आपली आपण मिटून यायची. म्हणून आठ दिवस रोग्यानं दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, खदखदून हसायचं नाही. आणि पट्टी सुटल्यावरही महिनाभर वाकायचं नाही. डोकं खाली गेलं की डोळ्यावर जोर येतो, जखम उकलते, आणि मग देवही काही करू शकत नाही.

वाकायचं नाही! आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगणं म्हणजे श्वास घ्यायचा नाही म्हणून सांगण्यासारखं. आमच्याकडं माणूस डॉक्टरापुढं वाकतो, मास्तरापुढं वाकतो, एसटी नव्हती तेव्हा सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरापुढंही वाकायचा. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हाच तीन म्हातारे त्यांच्या बुटांवर डोकं टेकून मोकळे झाले होते. मी त्याच दिवशी ठरवलं की ही खोड मी मोडणार. ज्या बाईनं चाळीस पोरींना एका रांगेत उभं केलं, तिला छत्तीस म्हातारे काय जड आहेत?

त्या छत्तिसांत एक मामी होती. आमच्या गावची कासारीण. सगळं गाव तिला मामीच म्हणायचं. माझ्या हातात पहिल्या बांगड्या तिनं भरल्या, लग्नाचा चुडाही तिनंच. कासाराच्या हाताला डोळे असतात म्हणतात ते तिच्याकडं बघून पटायचं. हात नुसता दाबून मापाची बांगडी काढायची. कासारमामा दम्यानं घरात बसून असत, आणि मामी डोक्यावर बांगड्यांचा पेटारा घेऊन पाच गावं फिरायची. तिचा एक डोळा पूर्वी कुणा वैदूनं सुई घालून कायमचा घालवला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला, तरी तिनं दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. मग एका लग्नघरी नवरीच्या हिरव्या चुड्यात तिच्या हातून एक काळी बांगडी गेली. वरमाईनं मांडवात तमाशा केला. त्यानंतर तिला लग्नाचं बोलावणं येईना. साध्या बांगड्या भरतानाही काच फुटून बायकांचे हात कापायला लागले, तेव्हा आळीतल्या बायका बाजारातून बांगड्या आणू लागल्या. मीही आणल्या. तिच्या दारावरून जाताना मी हात पदराखाली घ्यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शिबिराचं सांगायला मी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं मला साफ उडवून लावलं.

"एक डोळा सुईनं ग्येला, पोरी. दुसरा सुरीला देऊ व्हय?"

"मामी, तो वैदू होता. हा डॉक्टर आहे."

"त्यो बी लय हुशार हाय म्हनूनच सांगत हुता." मग म्हणाली, "ह्यो डोळा ग्येला तर मामांस्नी भाकर कोन घालंल? आता निदान चूल कुठं हाय ती दिसती."

मी तासभर बोलले. समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. शेवटी म्हटलं, "मामी, तुझा डोळा माझ्या जिवावर. मी स्वतः तुझ्या उशाशी बसेन." ती म्हणाली, "बग. तू म्हनतीस म्हनून." तिचा होकार माझ्या शब्दावर होता, डॉक्टरावर नव्हता. हे मला त्या वेळी फार मोठं वाटलं. मी पदर खोचून घरी आले.

शिबिर मात्र आम्ही असं चालवलं की आजही आठवलं तर मान ताठ होते. कापड रेशनवर होतं, म्हणून घरोघर फिरून जुनी मऊ धोतरं गोळा केली आणि शाळेच्या मागं चुलवणावर उकळून त्यांच्या पट्ट्या केल्या. मंडळातल्या मुसलमान शिंप्यानं वाळूच्या बहात्तर पिशव्या शिवल्या. नदीची वाळू पोरांनी तीनदा धुतली. लढाईवरून सुटून आलेले सहा शिपाई नुकतेच मंडळात आले होते. ते रोग्यांना उचलून ठेवायचे, मलमूत्र काढायचे, आणि कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "आमी याच्यापरीस लय वंगाळ बघितलंय." बायकांच्या वर्गात मी आणि आणखी दोघी होतो.

सगळ्यांत मोठा वैरी तपकीर. शिंक आली की डोळा गेला. मी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या कमरेचा बटवा झाडून डब्या काढून घेतल्या. एकवीस निघाल्या. जतकडचा एक धनगर म्हातारा होता, त्यानं आपली डबी फेट्यात लपवली होती. मी ती काढली तेव्हा तो कानडी-मराठीत असं काही बोलला की शिपाई पोरं तोंड फिरवून हसली. मी त्यांनाही दटावलं, कारण म्हाताऱ्याला हसू फुटलं असतं तर?

आणि वाकण्याची तालीम. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना मैदानात उभं केलं आणि ताठ मानेनं हात जोडायला शिकवलं. "डॉक्टर आले?" मी ओरडायची. छत्तीस जण उभ्यानं हात जोडायचे. "पाहुणे आले?" उभ्यानं हात. "गावचा देव आला?" एक-दोघं चुकून वाकायचेच. मग पुन्हा. मामी पहिल्या रांगेत होती. ती एकदाही चुकली नाही. तालीम संपल्यावर म्हणाली, "पोरी, तुज्या शाळंत पोरींचं कसं व्हत आसंल गं," आणि हसली.

आठ दिवस कुणी खोकलं नाही असं नाही, पण डोळा एकही बिघडला नाही. मी दिलेल्या शब्दाप्रमाणं मामीच्या उशाशी बसले. तिला भात भरवला, केस विंचरले. पट्टीखाली तिला काहीच दिसत नव्हतं, तरी मी आले की ओळखायची. म्हणायची, तू चालतीस तवा जिमिनीलाच धाक पडतोय.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. एकेक डोळा तपासला, प्रत्येकाच्या कपाळावर हिरव्या कापडाची झापड बांधली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, छत्तीसच्या छत्तीस डोळे चांगले निघालेले मी आजवर पाहिले नव्हते." असा माणूस असं बोलला. दुपारच्या गाडीनं ते मिरजेला परत गेले. जाताना सगळ्यांना दरडावून सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही.

चार वाजता शेठांचा समारंभ. व्हरांड्यात सतरंज्या, टेबलावर नारळांचा ढीग. प्रमुख पाहुणे आले, भाषण लांबलं. मग एकेका रोग्याला नारळ. माझी नजर घारीसारखी. एकेक म्हातारा पुढं यायचा, नारळ घ्यायचा, ताठ उभा राहून हात जोडायचा. जतचा धनगरसुद्धा! पस्तीस जण झाले. एकही मान खाली गेली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी मामी.

तिनं नारळ घेतला, पाहुण्यांना उभ्यानं हात जोडले आणि माझ्याकडं वळली. झापडीखालून एक डोळा मिचमिचत माझ्याकडं बघत होता. तिनं माझा हात हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "ह्या निळ्या बांगड्या कुनी भरल्या गं? ह्या माज्या न्हवंत."

मला काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. लाज होती, आनंद होता, आठ दिवसांचं जागरण होतं. बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला नमस्कार करते, हे आम्हांला पोरवयापासून अंगवळणी पडलेलं. माझी कंबर आपोआप लवली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आणि कुणी पाया पडलं तर आमच्याकडचं वडील माणूस काय करतं? खांद्याला धरून उचलतं. मामी वाकली. "आगं उठ, उठ," म्हणत तिनं माझ्या दोन्ही खांद्यांना हात घातला, आणि मग तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून टेबलामागचे पाहुणे उभे राहिले.

छत्तीस जणांना मी शिकवलं होतं की कुणापुढं वाकू नका. कुणी तुमच्यापुढं वाकलं तर काय करायचं, हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवस नातेवाईक पाया पडून जात होते, पण पट्टीखालच्या माणसाला ते दिसत नसे.

डोळ्यातून पाणी आणि रक्त येत होतं. मंडळातल्या कंपाउंडरनं झापड वर करून पाहिलं आणि पट्टी बांधली. डोळ्यातला काळा भाग जखमेतून बाहेर आल्यासारखा दिसतोय, असं त्यानं मला हळूच सांगितलं. मिरज गाठायला हवं होतं. स्टेशन दोन कोस, संध्याकाळची गाडी दोन-अडीच तासांवर. बैलगाडीत घातलं तर धक्क्यांनी उरलासुरला डोळाही जायचा. शिपाई पोरांनी विचारत बसायला कुणाला वेळच दिला नाही. शाळेतली बाज उचलली, मामीला उताणं ठेवलं, वाळूच्या पिशव्या लावल्या आणि चौघांनी खांदा दिला. शिंपी आणि शेठ बदलीला बरोबर. शिपायांतला एक दरडावत होता, "पायात पाय मिळवू नका रं! कवायत न्हाई ही. पाय मिळालं की बाज झुलती." लढाईत जखमी वाहून नेताना हे शिकले होते ते. खरंच, चौघं चार तऱ्हांनी चालत होते आणि बाज पाण्यावरच्या होडीगत शांत जात होती. मी मामीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बाजूनं पळत होते.

वाटेत उसाच्या फडातली माणसं चौघांच्या खांद्यावर बाज बघून बाजूला सरकायची, मुंडाशी काढायची, हात जोडायची. एका म्हातारीनं तर मोठ्यानं "गेली बिचारी" म्हटलं. पट्टीखालून मामी म्हणाली, "त्यांस्नी सांग की कुनीतरी, जित्ती हाय मी."

"मामी, बोलू नको."

"तू बोल की मग. येरवी तर बोलत असतीस."

मला रडायला येत होतं, आणि रडताना हात हलेल म्हणून मी रडतही नव्हते.

गाडीत गार्डानं आपल्या डब्यात जागा दिली. मिरजेला पोहोचलो तेव्हा डॉक्टर जेवायला बसणार होते. तसेच उठून आले. पट्टी सोडून पाहिलं आणि त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"वाकलात?" त्यांनी विचारलं.

"व्हय साहेब," मामी म्हणाली. "नारळ पडला हातातनं. उचलाया ग्येले. चुकलं."

शेठांनी माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरांकडं पाहिलं. आणि मी, जिच्या आवाजाला आळी घाबरायची ती मी, गप्प उभी राहिले. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे मला भीती वाटली. सकाळी ज्या माणसानं माझं कौतुक केलं होतं त्याच्या नजरेतून उतरायची भीती.

"एवढं सांगितलं होतं! दीडदमडीच्या नारळापायी!" डॉक्टर ओरडले आणि तिला आत घेऊन गेले. बाहेर आलेला भाग कापावा लागला. डोळा वाचेल की नाही ते सहा दिवसांनी पट्टी काढल्यावर कळेल, म्हणाले.

मी तिथंच राहिले. ते सहा दिवस डॉक्टर रोज सकाळी येत आणि पट्टी बदलता बदलता मामीला बोल लावत. हट्टी म्हातारी, सांगितलेलं न ऐकणारी म्हातारी. मामी "व्हय साहेब" म्हणून ऐकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी शेठ मामांसाठी भाकरी कोण देतंय ते सांगायला आले. त्यांच्या घरूनच जात होती. मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "गावात नारळाचीच गोष्ट चालू आहे, बाई. लोक म्हातारीला हसतायत. हसू द्या. तुम्ही काय बोलू नका. मंडळाचं नाव जाईल, आणि बायका घेऊ नका म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. पुढच्या वर्षी शिबिर घ्यायचंय आपल्याला."

हा माणूस वाईट नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी दोन दिवस मनाची समजूत घालत राहिले, की डोळा बरा निघाला म्हणजे सांगू. मग माझं मलाच कळलं की डोळा बरा निघाल्यावर सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि वाईट निघाला तर मी जन्मात सांगणार नाही. मामीला मी विचारलं, "मामी, तू खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "तुजी नोकरी हाय. माजं काय, नारळ तर नारळ."

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मामीला लोखंडी खाटेच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडलेले. डॉक्टरांनी पट्टीची गाठ सोडायला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचा मोठाच निघाला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "नारळ पडला नव्हता. मी यांच्या पाया पडले. मला उचलायला या वाकल्या. सगळ्यांना शिकवलं मी आणि चुकलेही मीच. त्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही. यांना बोलू नका, मला बोला."

डॉक्टरांचा हात पट्टीवरच राहिला. मला वाटलं, आता वीज कोसळणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मामीला म्हणाले, "आजी, मग सहा दिवस मी तुम्हांला बोलतोय ते?"

"बोला की," मामी म्हणाली. "मी कुठं आंगाला लावून घ्येतलं? आन् तिला बी काय बोलू नगा. ती वाकल्याली मला दिसली, साहेब. दोन वर्सांत कुनी वाकल्यालं दिसलं न्हवतं. हात आपसूक ग्येलं. आंधळी असती तर कशाला वाकले असते?"

डॉक्टरांनी पट्टी उलगडली, कापूस काढला. पापणी सुजलेली होती. ती हळूहळू किलकिली झाली. डोळा लाल, बुबुळाचा आकार बिघडलेला, किल्लीच्या भोकासारखा. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतं?"

मामीनं डोळा खिडकीकडं फिरवला. "उजेड हाय."

"आणखी?"

"उजेड हाय," ती पुन्हा म्हणाली. डॉक्टरांनी बोटं धरली; ती उजेडाकडंच बघत राहिली. त्यांनी बोटं खाली घेतली आणि खिडकीकडं पाहिलं. मला मामांची चूल आठवली. मी तिला दिलेला शब्द आठवला.

"पोरी," मामी म्हणाली, "हितं म्होरं ये. त्या दिशी आशीर्वाद द्यायचा ऱ्हायला. आता पड पाया. मी न्हाई वाकत."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, तुमी जरा गप ऱ्हावा." तिनं खाटेच्या कडेचा लोखंडी गज दोन्ही बाजूंनी दोन्ही मुठींत घट्ट धरला, मान ताठ केली आणि तशीच बसली. "पड."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते तिच्या मागं जाऊन तिचे खांदे धरून उभे राहिले. मी खाली बसले आणि काळ्या शहाबादी फरशीवर तिच्या पायांशी डोकं टेकलं. खाट थरथरत होती, तिच्या मुठींमुळं. मी डोकं वर केलं नाही. करायचा धीरच नव्हता.

"औक्षवंत हो," ती म्हणाली. "आन् पदर सावर गं आदी, काळ्या फरशीवर लोळतुया."